मदत हवी आहे: चांदीच्या नॅनोकणांजवळ रोडामाइन या चमकणाऱ्या रंगाची चमक वाढायच्या ऐवजी विझते

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातून लिहितोय, एमएस्सी भौतिकशास्त्र, शेवटचं सेमिस्टर. सिल्व्हर नायट्रेटच्या उकळत्या द्रावणात सोडियम सायट्रेट टाकून चांदीचे कण बनवले. पहिली खेप वाया गेली. भांडी बोअरच्या पाण्यानं विसळली होती, त्यातल्या क्लोराइडनं सगळं दुधाळ! दुसऱ्यांदा डिस्टिल्ड वॉटर वापरलं, तेव्हा पिवळसर रंग आला. शोषणाचं शिखर, म्हणजे कण सगळ्यात जास्त शोषतात ती प्रकाशाची तरंगलांबी, ४२० नॅनोमीटरला.

आता अडचण. रोडामाइन ६जीच्या पातळ द्रावणात हे टाकलं की चमक निम्म्याहून खाली. तेवढंच नुसतं पाणी टाकलं तर किंचितच फरक. फ्लुरेसीन या दुसऱ्या, ऋणभारित चमकत्या रंगातही थोडीच घट. आणि वाचलं तर असं, की धातूजवळ चमक वाढते. मग इथं काहून विझते? गाईड म्हणतात कण खराब, मला पटत नाही. सायट्रेटमुळे कण ऋणभारित, रोडामाइन धनभारित, म्हणजे तो कणाला चिकटत तर नसेल? चमक मोजायचं यंत्र, फ्लुरोमीटर, अमरावतीला, एसटीनं जाण्यायेण्यात दिवस जातो. पुढच्या खेपेला काय न्यावं?

उत्तर १
भाऊ, कण ठीक आहेत, चिकटण्याचा अंदाजही बरोबर वाटतो. चिकटलेल्या रेणूची ऊर्जा प्रकाश होण्याआधीच धातू ओढून घेतो आणि तिची उष्णता होते. साधारण ५ नॅनोमीटरच्या आत विझणं जिंकतं, ५ ते २० च्या पट्ट्यात वाढ मिळू शकते. कणांवर सिलिकाचं कवच चढवा, नाहीतर विरुद्ध भाराच्या पॉलिमरचे आलटून पालटून थर द्या.

पण तुमची खरी चूक रंग निवडण्यात आहे. रोडामाइन ६जी शोषलेल्या १०० फोटॉनपैकी ९५ च्या आसपास परत देतो, त्याला अजून कुठे वाढवणार? शिवाय तो शोषतो ५३० जवळ, तुमची चांदी ४२० ला. पाण्यात मुळातच मंद असलेला रोझ बेंगाल घ्या. कोलॉइड, म्हणजे चांदीच्या कणांचं पाणी, मात्र अगदी पातळ ठेवा, नाहीतर तेच प्रकाश पिऊन टाकतं.

चिकटण्याची खात्री करायची तर सेंट्रिफ्यूज करा, म्हणजे नमुना वेगानं फिरवून कण तळाशी बसवा. वरच्या पाण्यातला गुलाबी रंग गेला, तर तो कणांवर बसला.

धागाकर्ता
रोझ बेंगाल मागवतो. गावातल्या पॅथॉलॉजीवाल्याकडे रक्ताचं सेंट्रिफ्यूज आहे, मिनिटाला ४००० फेऱ्यांचं. चालेल काय जी?

उत्तर २
एवढे बारीक कण त्यात लवकर बसायचे नाहीत. नमुना अमरावतीलाच न्या, आणि सोबत कण न टाकलेला रोडामाइनही न्या, तुलनेला.