फ्लोरिडा: शिक्षा भोगून झाली, पण कोर्टाची थकबाकी आहे. मत देता येईल का?

रात्रपाळी_टॅम्पा
नमस्कार मंडळी. मी टॅम्पाजवळच्या एका गोदामात रात्रपाळी करतो. प्रश्न माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका गृहस्थांचा आहे. वय ५८, कृष्णवर्णीय, जन्म फ्लोरिडातलाच. १९९९ मध्ये अमली पदार्थ बाळगल्याच्या केसमध्ये फेलनी लागली, म्हणजे गंभीर गुन्हा, ज्याने इथे मताचा हक्क जातो. दोन वर्षं तुरुंग, मग प्रोबेशन. २००४ ला सगळं संपलं, त्यानंतर साधी तक्रारही नाही.

गेल्या वर्षी मला नागरिकत्व मिळालं. शपथ घेऊन हॉलमधून बाहेर पडतोय तोच मतदार नोंदणीचा फॉर्म हातात पडला, पाच मिनिटांत भरून दिला. हे त्यांना सांगितलं तर त्यांनी दोन्ही हातांनी हात धरून अभिनंदन केलं. दुसऱ्या रात्री जेवणाच्या सुट्टीत त्यांनी डब्याच्या पिशवीतून एक प्लास्टिकचं फोल्डर काढलं. आत वीस-पंचवीस वर्षांच्या पावत्या. बऱ्याच पावत्यांवरची छपाई उडून कागद कोरे झालेत, म्हणून प्रत्येकीच्या मागे बॉलपेनाने रक्कम आणि तारीख लिहून ठेवलीय. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

अडचण अशी: कोर्टाच्या खिडकीवर त्यांना ६८५ डॉलर बाकी सांगितले. वसुली एजन्सीच्या पत्रात आकडा आहे १,१२०. दोन्हीकडे विचारलं, पण कोणता खरा ते कुणी सांगेना. चुकीच्या आकड्यावर विसंबून मत दिलं तर पुन्हा तुरुंग, ही त्यांची भीती. काय करावं?

जुनी_फ्लोरिडाकर
त्यांची भीती अगदी खरी आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये इथे २० जणांवर बेकायदा मतदानाचे गुन्हे दाखल झाले. त्यांच्यापैकी अनेकांना निवडणूक कार्यालयाकडूनच मतदार कार्ड आलं होतं. त्यांचे मूळ गुन्हे खून किंवा लैंगिक अत्याचाराचे होते आणि शिक्षेनंतर मताचा हक्क परत मिळण्याची सवलत त्यांना नव्हतीच, तुमच्या सहकाऱ्यांची गोष्ट वेगळी. पण कार्ड हातात आलं म्हणजे झालं, असं कुणीही समजू नये.

थोडं मागचं सांगते. नोव्हेंबर २०१८ मध्ये फ्लोरिडाची घटनादुरुस्ती क्रमांक ४ मतदारांच्या जवळपास ६५ टक्के मतांनी मंजूर झाली. शिक्षा पूर्ण झाली की मताचा हक्क परत, एवढं साधं होतं ते. मी घरोघर जाऊन त्यासाठी बोलले होते, दोन्ही पक्षांच्या घरांत. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने कायदा केला की दंड, कोर्टफी, भरपाई सगळं फेडल्याशिवाय शिक्षा पूर्ण धरायची नाही. मे २०२० मध्ये टॅलाहासीचे न्यायाधीश हिंकल यांनी तो बराचसा रद्द ठरवला, सप्टेंबरमध्ये अपील कोर्टाने त्यांचा निकाल फिरवला. तेव्हापासून कायदा तोच. कुणाचे किती बाकी आहेत हे एका जागी सांगणारी यादी मात्र राज्याने तेव्हा केलेली नव्हती.

आता तुमचे दोन आकडे. कायद्यानुसार शिक्षेच्या मूळ हुकुमात जी रक्कम लिहिलीय तेवढीच मोजतात. नंतर चढलेली फी धरत नाहीत. वसुली एजन्सी इथे ४० टक्क्यांपर्यंत स्वतःची फी लावू शकते, तुमच्या फरकाचा काही भाग बहुधा तिथला. तेव्हा आधी मूळ हुकुमाची प्रत काढा. खिडकीवर तोंडी आकडा विचारूच नका.

सरळमार्गी
मला एक वेगळं म्हणायचंय, कृपया राग मानू नका. दंड हा शिक्षेचाच भाग असतो. ज्याच्या घरी चोरी झाली त्याची भरपाई न देता शिक्षा पूर्ण झाली असं कसं म्हणायचं?

जुनी_फ्लोरिडाकर
राग नाही, भरपाईबद्दल तुमचं म्हणणं मलाही पटतं. पण या गृहस्थांच्या केसमध्ये भरपाई मागणारं कुणीच नाही. आहे ती कोर्टफी. फ्लोरिडात कोर्टाच्या क्लार्क कार्यालयांचा खर्च मोठ्या प्रमाणात याच फीमधून चालतो. म्हणजे आरोपीने कचेरी चालवायची आणि ते पैसे संपेपर्यंत मत नाही. पैसे भरल्याशिवाय मत नाही, ही प्रथा दक्षिणेत पोल टॅक्सच्या नावाने चालायची. केंद्रीय निवडणुकांतून ती १९६४ च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीने गेली.

आणि एकच राज्य दोन माणसांना कसं वागवतं पाहा. मे २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूरीने डोनाल्ड ट्रम्प यांना ३४ आरोपांत दोषी ठरवलं, आणि नोव्हेंबरमध्ये त्यांनी इथेच फ्लोरिडात, पाम बीचला मत दिलं. ते पूर्ण कायदेशीर होतं. शिक्षा दुसऱ्या राज्यातली असेल तर फ्लोरिडा त्या राज्याचा नियम लावतं, आणि न्यूयॉर्कमध्ये माणूस तुरुंगात असेल तेवढाच काळ हक्क जातो. त्यांनी मत दिलं याला माझी हरकत नाही. तोच नियम गोदामात काम करणाऱ्यालाही लागावा एवढंच माझं म्हणणं आहे.

रात्रपाळी, आजवर भरलेला प्रत्येक डॉलर मूळ रकमेत धरतो, असं राज्याने न्यायाधीश हिंकल यांच्यापुढच्या खटल्यात कोर्टाला सांगितलंय. एजन्सीला दिलेलेही. म्हणून सगळ्या पावत्या जोडा आणि राज्याच्या निवडणूक विभागाकडे लेखी सल्ला मागा. माहिती खरी आणि पूर्ण दिली असेल तर तो सल्ला ज्यांच्यासाठी मागितला त्यांच्यावर बंधनकारक असतो. बाकी निघालीच तर न्यायाधीशांकडे अर्ज करून ती समाजसेवेच्या तासांत बदलून मागता येते. थकबाकी नुसती दिवाणी बोजात (साध्या कर्जासारख्या येण्यात) बदलून घेऊ नका, त्याने रक्कम फिटली असं धरत नाहीत.

रात्रपाळी_टॅम्पा
ताई, फार आभार. काल सकाळी पाळी संपवून आम्ही दोघं तसेच कोर्टात गेलो. हुकुमाची प्रत मिळाली. त्यात रक्कम आहे ५४८ डॉलर! गाडीत बसून पावत्यांची बेरीज केली, मी वाचत गेलो, ते फोनवर मांडत गेले. ६१२ झाले. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावलं. पुन्हा ६१२.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, २०११ नंतर मी भरत होतो ते कशाचे?

सल्ल्याचा अर्ज आज टाकतोय. नोंदणी निवडणुकीच्या २९ दिवस आधी बंद होते, तोवर उत्तर यायला हवं. एक शंका उरलीय: सात पावत्या दोन्ही बाजूंनी इतक्या पुसट आहेत की आकडे जेमतेम लागतात. त्या सोडून बेरीज ५५३ येते. त्या तशाच जोडू की बँकेकडून जुने उतारे मागवू?