होणारी सून कर्णबधिर आहे, रविवारी घरी येतेय. बोलू कशी?

सातारची_काकू:
मुलाने परवा सांगितलं, "आई, तिला ऐकू येत नाही." तो तिची खुणांची भाषा शिकलाय, मला एक खूण येत नाही. रविवारी ती आईवडिलांसोबत जेवायला येणार. तेही मूकबधिरच. पुरणपोळीची काळजी नाही, बोलण्याची आहे. जाऊबाई म्हणतात, मोठ्याने आणि सावकाश बोललं की ओठांवरून सगळं कळतं. खरं का?

डोंबिवली_लोकल:
काकू, माझे आईबाबा दोघेही कर्णबधिर, मी ऐकणारा. पहिलं म्हणजे ते 'मूक' काढून टाका. मुके कसले? माझ्या आईचे हात एकदा सुरू झाले की बाबांना मध्ये शिरायला जागा मिळत नाही.

ओठांचं म्हणाल तर आरशासमोर आवाज न काढता मामा, बाबा, पापा म्हणून बघा. तिन्ही सारखेच दिसतात. बाकीचं अंदाजाने जुळवावं लागतं आणि तासाभरात डोकं उठतं. ओरडलात तर तोंड वेडंवाकडं होतं, कळायचं तेवढंही जातं.

पंगत एका रांगेत मांडू नका, सगळ्यांचे चेहरे सगळ्यांना दिसले पाहिजेत. तुम्ही खिडकीकडे पाठ करून बसू नका, चेहरा काळा दिसतो. हाक मारायची तर खांद्यावर हलकेच थाप, लांबून असेल तर ट्यूबलाइटची उघडझाप. आणि जेवायला वेळ लागणार हे धरून चाला. हातानेच जेवायचं, हातानेच बोलायचं, आमच्याकडे वरणभात नेहमी गारच.

"तिला विचार, पोळी हवी का" असं मुलाला सांगू नका. तिच्याकडे बघून तिलाच विचारा, तो खुणा करेल.

एक मात्र चुकूनही करू नका: "काही नाही, नंतर सांगते." आजीकडे गणपतीत वीस माणसं हसायची, बाबा माझ्याकडे बघायचे. मी आठ वर्षांचा, मला खेळायला पळायचं असायचं. "नंतर," म्हणायचो. नंतर कधी सांगितलंच नाही.

नाशिकचा_नाना:
माझ्या भाच्याला कॉक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशन करून कानात बसवतात ते ऐकण्याचं यंत्र) केलंय, फोनवरसुद्धा बोलतो. हिला का नाही केलं?

डोंबिवली_लोकल:
नाना, पहिल्या भेटीत हे विचारायचं नाही.

हातवारे७७:
मी कर्णबधिर. मराठी माझी दुसरी भाषा आहे, चूक समजून घ्या. मान हलवली म्हणजे कळलं असं नाही. लहानपणी वर्गात सगळेच हलवायचो, बाई पुढे जायच्या. वही-पेन जवळ ठेवा. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा १०,००० शब्दांचा कोश आहे, व्हिडिओ यूट्यूबवर फुकट बघता येतात. 'जेवण', 'पाणी', 'छान' एवढं शिका. तिला खूण-नाव (नावाऐवजी करायची खूण) तुम्ही पाडू नका, ते आमच्यातले लोक देतात.

सातारची_काकू:
आत्ताच गेले सगळे. 'छान' शिकले होते, पण विहीणबाई बोलायला लागल्यावर सगळं विसरले. पुरणात जायफळ की वेलची, असं विचारत होत्या. मला खूण कळेना, तर त्यांनी उठून माझा मसाल्याचा डबा उघडला आणि वेलची माझ्या नाकाला लावली. मग अर्धा तास दोघी स्वयंपाकघरातच. एकदा माझ्याही तोंडून "नंतर सांगते" निघालं, मुलाने डोळे वटारले, मग मी तिथल्या तिथे वहीवर लिहून दाखवलं. पोळ्या गार झाल्या.

जाऊबाई शेवटपर्यंत ओरडतच होत्या.