वजन ११० किलो, बजेट १५ हजार: कोणती सायकल?

प्रश्न: उंची ५ फूट ८ इंच. पुण्यात रोज सकाळी १०-१२ किमी, व्यायामापुरतंच. दुकानदार पुढे सस्पेन्शनवाली गिअरची सायकल गळ्यात मारतोय. घेऊ का?

घाटवळण: नको. या किमतीतलं सस्पेन्शन म्हणजे नुसती स्प्रिंग, वर दोन-अडीच किलोचं लोढणं. चढावर उभं राहून पायडल मारलं की जोर तिलाच दाबण्यात जातो. साध्या स्टील फोर्कची (पुढचं चाक धरणारा चिमटा, स्प्रिंगशिवायचा) हायब्रिड, म्हणजे रोड आणि माउंटन यांच्या मधली सायकल बघा, टायर ७००×३८ (३८ मिमी रुंद) च्या आसपास. वजनमर्यादा मॅन्युअलमध्ये वाचा. बहुतेकदा ती सामान धरून असते.

आऊटकाढ्या: फ्रेम सहसा टिकते, बोंब मागच्या चाकाची. ३६ स्पोक, निदान ३२, आणि रिम डबल वॉलच, म्हणजे दुहेरी भिंतीची. नव्या चाकाचे स्पोक पहिल्या १००-१५० किमीत सैलावतात, तेव्हा आऊट काढून घ्या, म्हणजे स्पोक ताणून चाक सरळ करून घ्या. सैल स्पोक दर फेऱ्याला ढिला-ताठ होत राहतो आणि हबपाशी (चाकाच्या मधल्या तुंब्यापाशी), वाकाच्या जागी तुटतो. शक्यतो कॅसेट हब घ्या, ज्यावर मागची गिअरची चक्रं सरकवून बसवतात. आटे फिरवून बसवायच्या फ्रीव्हीलमध्ये उजवीकडचं बेअरिंग बरंच आत राहतं, म्हणून जड वजनाखाली ॲक्सल वाकतो.

प्रश्नकर्ता: आणि हवा?

घाटवळण: ३८ च्या टायरला मागे ६०-६५ पीएसआय, पुढे ५०-५५, टायरवर छापलेल्या कमाल आकड्याच्या आतच. हवा कमी असली की खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. सीटची उंची अशी ठेवा, की टाच खालच्या पायडलवर असताना गुडघा सरळ होईल. जेलचं कव्हर मात्र घेऊ नका, जांघा घासतात.