नवी सोसायटी: थोरली रुळली, धाकट्याला कुणी खेळात घेत नाही

चिंचगूळ
नव्या सोसायटीत आलोय. मुलगी ८ वर्षांची, मुलगा ५. खाली रोज साडेपाच ते सात दहा-बारा मुलं असतात, ६ ते ११ वयाची. डबा ऐसपैस, लगोरी, कधी साखळी. मुलगी दोन दिवसांत मिसळली. मुलगा बाकाला धरून उभा. "मला घेता का?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "भिडू पूर्ण झाले." त्यात ती मुलं आपसात हिंदी बोलतात, याला फक्त मराठी येतं. मी मध्ये पडावं का? बहिणीला सांगावं का? आणि लांबून बघताना नेमकं काय बघायचं?

अंगणवेल
आधी तो "घेता का?" बंद करा. डाव चालू असताना विचारलं की नाहीच म्हणणार, कारण हो म्हटलं तर भिडू पुन्हा वाटावे लागतात. डाव संपला की मुलं चकायला गोल करतात. त्या गोलात हात घातला की झाला भिडू, विचारायची गरजच नाही.

त्यासाठी चकणं घरी पक्कं करून घ्या. तिघांनी एकदम हात टाकायचे, तळवा वर किंवा पालथा. ज्याचा वेगळा तो सुटला. पाच वर्षांची मुलं हात जरा उशिरा टाकतात किंवा दुसऱ्याचा बघून फिरवतात, आणि मोठी लगेच "चीटिंग" म्हणून हाकलतात. तुम्ही तिघं रोज दहा वेळा करा, आठवड्यात जमेल.

डबा ऐसपैसची अडचण वेगळीच आहे. राज्य असलेल्याला लपलेल्याचं नाव घेऊन डबा आपटावा लागतो. नाव चुकलं की अंडं फुटलं, राज्य पुन्हा त्याच्यावरच. नव्या मुलाला नावंच माहीत नसतात, म्हणून संध्याकाळभर राज्य त्याच्यावर राहतं आणि शेवटी तो रडत वर येतो. बहिणीकडून रोज तीन नावं शिकवा, तीही चेहऱ्यावरून. शर्टावरून नको, मोठी पोरं फसवायला शर्ट बदलतात!

हिंदीची काळजी सोडा. खेळापुरते पंधरा-वीस शब्द लागतात: राज्याला डेन, धप्प्याला थप्पा, "मेरी बारी", "रुक". बाकीचं महिन्याभरात येतं.

सातदगडी
तोवर त्याला कच्चा लिंबू करायला सांगा. म्हणजे तो खेळेल, आउटही होईल, पण राज्य येणार नाही. मात्र दोन-तीन आठवडेच. पुढे आपलं आउट मोजतच नाहीत हे मुलाला कळतं आणि तो पळायचा थांबतो.

लगोरीत तो लवकर रमेल, कारण रचायचं काम लहान हातांना जमतं. सात दगड तुम्हीच करून द्या. पॉलिश केलेली फरशी घसरते, खरबरीत कडप्प्याचे तुकडे बरे. सर्वांत खालचा तळहाताएवढा, वरचा बिस्किटाएवढा, कडा सिमेंटवर घासून बोथट केलेल्या. टेनिसचा चेंडू जवळून पाठीत बसला की लहान मूल दुसऱ्या दिवशी खाली उतरत नाही. मोज्यात चिंध्या कोंबून वरून दुसरा मोजा चढवा आणि गाठ मारा. मोठ्यांना हा चेंडू आवडणार नाही, पण "कमरेखालीच मारायचं" एवढं ते मान्य करतात.

एक धोका. सामान आपलं असलं की आउट झाल्यावर मूल ते उचलून घरी निघतं. एकदा असं झालं की त्याचं नाव कायमचं "रडका" पडतं. म्हणून दगड-चेंडू खालीच, वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवा.

माळावरची
बहिणीला "याला घेतलंत तरच मी खेळेन" असं म्हणायला लावू नका, तिचीही जागा जाते. नावं शिकवणं आणि सोबत खाली नेणं, बस्स.

तुम्ही पंधरा-वीस पावलांवर बसा, हातात निवडायची भाजी असली तर उत्तम. टक लावून बघणारं मोठं माणूस दिसलं की मुलं एकतर बुजतात, नाहीतर तुमच्यासाठी म्हणून त्याला घेतात आणि तुम्ही वर गेलात की काढतात. बघायचं ते त्याचं बाकापासूनचं अंतर. बाहेर आलेला चेंडू आणून देतो का? कडेला एकटाच तोच खेळ करतो का? हे दिसलं की गाडी रुळावर आहे. पंधरा दिवसांत काहीच हललं नाही तर सहा-सात वर्षांचं एखादं मूल हेरा, तेही बहुधा कडेलाच असतं. रविवारी तासभर त्याला घरी बोलवा. एक ओळखीचा भिडू मिळाला की पुरतं.

हात उगारणं, चिडवायची टोपणनावं, पार्किंगच्या उतारावर किंवा टाकीच्या झाकणावर लपणं: इथे लगेच उठायचं. "भिडू पूर्ण" याला नाही. पाच-पाच झाले असतील तर ते खरंच पूर्ण असतात.

चिंचगूळ
अंडं फुटण्याचा उलगडा आज झाला! दिवाळीला खाली किल्ला करतात म्हणे, त्यात याला काय देता येईल?

सातदगडी
हळीव पेरायचं काम. दगड-विटांवर पोतं टाकून लाल मातीचा चिखल मोठी पोरं थापतील. याने दिवाळीच्या पाच-सहा दिवस आधी ओल्या मातीवर हळीव टाकायचे आणि रोज दोनदा हाताने पाणी शिंपडायचं. झारीने घातलं तर बिया वाहून पायथ्याशी जमतात आणि वर टक्कल राहतं.