पावसाळ्यात चार महिने बंद राहणाऱ्या किनाऱ्यावरील घराची आगोट (पावसाळ्यापूर्वीची तयारी) कशी करावी?

कोकणवारी (प्रश्न)

नमस्कार. गुहागर तालुक्यात समुद्रापासून साधारण तीनशे मीटरवर आमचे एक जुने घर आहे, जे आम्ही तीन वर्षांपूर्वी सुट्टीत राहण्यासाठी विकत घेतले. जांभ्याच्या चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौले आणि मागच्या बाजूस पूर्वीच्या मालकांनी वाढवलेल्या स्लॅबच्या दोन खोल्या, अशी त्याची रचना आहे. आम्ही पुण्यास असतो. दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत अधूनमधून जाणे होते, परंतु जूनच्या पहिल्या आठवड्यात कुलूप लावले की ते थेट दसऱ्याच्या सुमारास उघडते.

गेल्या वर्षी उघडले, असे म्हणण्यातही अर्थ नाही, कारण कुलूप गंजून इतके धरले होते की शेजाऱ्यांकडून लोखंड कापायची करवत आणून कडी कापावी लागली. आत गाद्यांवर हिरवट बुरा आला होता, स्वयंपाकघरातील प्लायवूडचे कपाट फुगून त्याची दारे मिटेनाशी झाली होती, इन्व्हर्टरची बॅटरी पूर्ण मेली होती आणि माजघराच्या कोपऱ्यात वाळवीने जमिनीपासून थेट वाशापर्यंत मातीची वाट बांधून काढली होती.

यंदा सर्व खिडक्या आतून प्लास्टिकने मढवून फटी सिलिकॉनने भराव्यात आणि चिऱ्याच्या भिंतींना बाहेरून जलरोधक रंग द्यावा, असा आमचा विचार आहे. हा मार्ग योग्य आहे काय? आणखी काय करावे?

जुनी पडवी

आपला विचार मला नेमका उलटा वाटतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आमचे घर दापोलीकडे आहे. वडील गेल्यानंतर पहिल्या पावसाळ्यात ते आम्हीही असेच घट्ट बंद केले होते, आणि त्या एका वर्षात जेवढे नुकसान झाले तेवढे आधीच्या तीस वर्षांत झाले नव्हते. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा या चार महिन्यांतच पडतो, त्यामुळे बाहेरची हवा आर्द्रच असते. खिडक्या मढवल्याने ती ओल आत यायची थांबत नाही, कारण चिरा सच्छिद्र असतो आणि जोत्यातून ओल वर चढतेच. आत आलेल्या ओलीला बाहेर पडायची वाट मात्र आपण बंद केलेली असते.

रंगाचेही तेच आहे. बाहेरून जलरोधक थर दिला की भिंतीतील पाणी आतल्या बाजूने डोके काढते आणि दोन-तीन वर्षांत रंगाचे पापुद्रे सुटू लागतात. उघडे सांधे असतील तर ते चुन्याने भरून घ्यावेत आणि पश्चिमेच्या भिंतीवर पावसाची झड थेट बसू नये, एवढे पाहावे. पूर्वी त्यासाठी नारळाचे झाप विणून बांधत असत. आता ताडपत्री किंवा हिरवी जाळी बांधली तरी चालते, मात्र ती भिंतीपासून वीतभर लांब असावी. खिडक्यांच्या वरच्या झडपा जाळी मारून उघड्याच ठेवा.

खरी आगोट छपरापासून सुरू होते. घर शाकारून घेताना गड्याबरोबर स्वतः उभे राहावे आणि दुपारच्या उन्हात माजघरातून वर पाहावे; जिथे उजेडाची टिकली दिसते तिथे पाणी येणार, हे धरून चालावे. कोन्यांचा, म्हणजे आढ्यावरच्या कौलांचा, चुना तडकला असेल तर तो काढून नवा भरावा. स्लॅब आणि कौलांचा जिथे सांधा आहे ती पन्हळ पानांनी तुंबते, आणि अशा जोडघरांत गळती बहुधा तिथूनच होते.

आणखी एक गोष्ट सांगतो. जुन्या घरांतील वासे टिकले ते लाकूड उत्तम होते म्हणून, हे खरेच. पण रोज चुलीचा धूर त्यांना लागत असे, हेही तितकेच खरे आहे. आता चूल नाही आणि माणूसही नाही. म्हणून गावातील कोणाच्या तरी हाती किल्ली द्या, त्याचा मोबदला आधी ठरवा, आणि पंधरा दिवसांतून एकदा, उघडीप मिळेल तेव्हा, त्याने दारे-खिडक्या तीन-चार तास उघड्या ठेवाव्यात, पंखे लावावेत, जमल्यास घमेल्यात शेणीचा धूर करावा.

तारतंत्री

काकांशी सहमत आहे. मी विजेची कामे करतो, त्यामुळे तेवढ्यापुरते लिहितो.

लेड-ॲसिड बॅटरी इन्व्हर्टरला जोडलेली राहिली आणि वीज दीर्घकाळ गेली, तर ती पूर्ण रिकामी होते आणि पुन्हा उठत नाही. जाण्याआधी ती पूर्ण चार्ज करावी, डिस्टिल्ड वॉटरची पातळी पाहावी, तारा सोडवून टर्मिनलना व्हॅसलिन लावावे. किल्ली ज्यांच्याकडे असेल त्यांना महिन्यातून एकदा ती जोडून चार्ज करायला सांगावे. बाकी सर्व उपकरणांच्या पिना सॉकेटमधून काढाव्यात, नुसती बटणे बंद करून विजेच्या कडकडाटात भागत नाही. फ्रिज रिकामा करून पुसावा आणि त्याच्या दारात फडक्याची घडी अडकवून ते किंचित उघडे ठेवावे.

आपल्या घरी विहीर असेल आणि मोटर आतल्या कठड्यावर बसवलेली असेल, तर ती न विसरता वर काढून घ्या. मे महिन्यात तळाला गेलेले पाणी जुलैत काठाशी येते, आणि बाहेरगावच्या लोकांच्या मोटरी दरवर्षी अशाच बुडतात.

कुलूप पितळेचे घ्यावे. त्यात ग्रीस भरून वरून सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा मोजासारखा चढवावा, खालचे तोंड मोकळे ठेवावे. आमच्या आळीतील सगळी बंद घरे अशीच दिसतात. नव्या बिजागऱ्या घेणार असाल तर ३०४ प्रतीच्या स्टीललाही खाऱ्या हवेत तांबूस डाग पडतात. ३१६ महाग असते, पण टिकते.

श्रीवर्धनची लेक

वरील सर्व मुद्दे ओलीचे झाले. मी वाऱ्याबद्दल लिहिते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर आले आणि त्यानंतर अनेक गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती. पुढच्याच वर्षी १६ मेच्या सुमारास तौक्ते किनाऱ्याजवळून गेले. म्हणजे मृग लागेपर्यंत वेळ आहे, हा हिशेब आता धरता येत नाही. शाकारणी आणि झाडांची कामे मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत उरकावीत.

शिवाय मोसमी वारा पश्चिमेकडून येत असला तरी वादळ सरकते तशी वाऱ्याची दिशा फिरते. आमच्या घरी पश्चिमेची बाजू शाबूत राहिली आणि पूर्वेचे छप्पर उडाले. तेव्हा चारही बाजूंचे अडसर तपासा. घरावर झुकलेल्या माडांच्या सुक्या झावळ्या आणि नारळ उतरवून घ्या. छपरावरील पाण्याची टाकी रिकामी ठेवू नका. तिला घट्ट बांधावेच, पण अर्धी भरलेली असली तर तिच्या वजनानेच ती जागेवर राहते. झाकण मात्र नीट बसवावे, नाहीतर डासांची सोय होते.

कोकणवारी

सर्वांचे मनापासून आभार. प्लास्टिक आणि रंग, दोन्ही बेत रद्द केले. दोन शंका उरल्या आहेत: वाळवीचे काय करावे, आणि गाद्या पुण्याला न नेता कशा ठेवाव्यात?

जुनी पडवी

मातीची वाट नुसती पुसून काढू नका, कारण वाळवी जमिनीतून येते आणि आठवड्यात दुसरी वाट बांधते. जोत्याच्या कडेने आणि जमीन-भिंतीच्या सांध्यात भोके पाडून त्यांत औषध भरून घ्यावे लागते. ते काम माहीतगाराकडूनच करवा, आणि विहीर जवळ असल्याचे त्याला आधीच सांगा. फुगलेल्या कपाटाला आता उपाय नाही. पुढचे कपाट फणसाच्या लाकडाचे करा, आणि भिंतीला टेकवू नका. गाद्या मधल्या खोलीत, दोन दोरखंडांवर किंवा बाजेवर, हवा खालून जाईल अशा ठेवाव्यात. त्यांना प्लास्टिक गुंडाळू नये, जुने लुगडे पुरते.

आणि शाकारणीला माणूस बोलावण्याआधी तुमच्या कौलामागचा कारखान्याचा छाप पाहून ठेवा. वेगवेगळ्या कारखान्यांची कौले एकमेकांत नीट बसत नाहीत. त्याच छापाची पन्नासेक जुनी कौले कोठे मोडणाऱ्या घराची मिळाली तर घेऊन पडवीत रचून ठेवा. भर श्रावणात एक कौल फुटले की तुमच्या गड्याला ती लागतील.