प्रतिसाद: नखांचे पापुद्रे सुटतात

नखांचे पापुद्रे सुटतात, पांढरे ठिपके येतात, यावर कुणीतरी वर कॅल्शियमच्या गोळ्या सुचवल्यात, पण ठिपके बहुतेकदा नखाच्या मुळाशी बसलेल्या बारीक माराचे असतात. नख वाढलं की पुढे सरकून कापले जातात. टोकाचे पापुद्रे सुटतात ते सतत भिजण्या-वाळण्यानं, त्यात पुण्याची थंडीतली कोरडी हवा. भांडी घासताना रबरी हातमोजे घाला, आत सुती. हात पुसल्या पुसल्या मुळाशी खोबरेल किंवा व्हॅसलीन चोळा. कानस एकाच दिशेनं फिरवा.

नख चमच्यासारखं खोलगट झालंय? मग लोह कमी असू शकतं, हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. हळीव खा, वर लिंबू पिळा. जेवणावर लगेच चहा मात्र नको, लोह कमी शोषलं जातं. बायोटिन (केस-नखांसाठी घेतात ते जीवनसत्त्व) चालू असेल तर थायरॉईडच्या तपासणीआधी लॅबला सांगा, आकडे चुकतात. आणि पंधरा दिवसांत फरक शोधू नका, नख महिन्याला जेमतेम ३ मिमी वाढतं.