बी फेज पुन्हा गेली : आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरून

*मंगळवार, रात्री १०:५२*

*२०३ :* लाइट सगळीकडे गेलीय का?

*१०२ :* आमच्याकडे आहे.

*४०४ :* आमच्याकडे नाही. समोर ४०३ मध्ये आहे, जिन्यातले दिवेही चालू आहेत.

*२०३ :* म्हणजे परवासारखंच. आईंचं ऑक्सिजनचं मशीन इन्व्हर्टरवर घेतलंय, पण बॅटरी जुनी आहे. तासभर टिकेल फार तर.

*४०१ :* वहिनी, आमची लाइट आहे. जाड वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन येतोय खाली. आईंचं मशीन आमच्या लाइनवर लावू.

*सेक्रेटरी :* वायरमनला फोन झालाय. निघालेत.

*सेक्रेटरी (१२:१०) :* आली. इमारतीत वीज आर, वाय, बी अशा तीन फेजमधून, म्हणजे तीन वेगळ्या तारांतून येते, घरं त्यांत वाटलेली आहेत. त्यातल्या बी फेजचा मेन फ्यूज वितळला होता, तारांच्या जोडाचे कॉन्टॅक्ट काळे पडलेत. पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा.

*बुधवार*

*६०२ :* त्या फ्यूजच्या कटआउटमध्ये थोडी जाड तार टाकून घेऊ या का? निदान उन्हाळा तरी निघेल.

*५०३ काका :* नको. हात जोडून सांगतो, हे कोणीही करू नका, वायरमन तयार झाला तरी करू देऊ नका. फ्यूज मुद्दाम सगळ्यात कमजोर ठेवलेला असतो. जाड तार टाकली की तो वाचेल आणि त्याच्या जागी केबल तापेल. ती केबल १९९४ ची आहे आणि जिन्याखालून जाते, जिथे आपण मुलांच्या सायकली लावतो.

*६०२ :* बरोबर आहे काका. एवढा विचार केला नव्हता.

*३०४ :* पण काका, आमच्या आठ घरांचाच फेज का जातो? माझं बिल तर १०२ पेक्षा कमी येतं.

*५०३ काका :* आज रात्री साडेदहाला मीटर रूममध्ये क्लॅम्प मीटर, म्हणजे केबलभोवती चिमट्यासारखं लावून प्रवाह मोजायचं यंत्र, लावून बघतो. मग सांगतो.

*बुधवार, रात्री ११:२०*

*५०३ काका :* आकडे आले. आर फेज ३८ अँपिअर, वाय ५१, बी ९३. फ्यूज प्रत्येकी ६३ अँपिअरचे. आज गेला नाही एवढंच, पण हाताला धग जाणवते आहे.

३०४, तुमच्या प्रश्नाचं उत्तर जरा लांबेल. बिल येतं युनिटचं. १००० वॉटची वस्तू एक तास चालली की एक युनिट. २००० वॉटचा गीझर अर्ध्या तासात एक युनिट खातो. ७५ वॉटचा पंखा तेवढ्याच युनिटला तेरा तास फिरतो. बिलात दोन्ही सारखेच. तारेला मात्र त्या अर्ध्या तासात गीझरचे जवळपास ९ अँपिअर वाहायला लागतात, पंख्याचा अर्धासुद्धा नाही. आपला फ्यूज महिन्याचे युनिट मोजत नाही. आत्ता, या मिनिटाला, आठ घरांनी मिळून किती ओढलं तेवढंच त्याला कळतं.

आज बी फेजच्या घरांना एकेक करून विचारलं. दीड टनाचे सात एसी, प्रत्येकी साधारण ७ अँपिअर, म्हणजे ४९. पंखे, फ्रिज, टीव्ही मिळून १६. खाली गाडी चार्जिंगला होती, १४. एका घरी गीझरचं बटण सकाळपासून चालूच राहिलं होतं, पाणी निवलं की तो आपला परत सुरू होतो, ९. आणि वॉचमननं नेमका त्याच वेळी पंप लावला, ५. करा बेरीज.

ही इमारत झाली तेव्हा पुण्यात घरी एसी कोण लावत होतं? बिल्डरनं दिवे, पंखे, फ्रिज धरून फेज वाटले. एसी आपण नंतर एकेक करून बसवले आणि योगायोगानं जास्त आले ते बी फेजवर. आपल्यापुरतीच ही गोष्ट नाही. ३० मे २०२४ ला देशाची मागणी २५० गिगावॉटवर गेली, तेव्हाही कारण उन्हाळा आणि थंडावाच होता.

*३०४ :* गाडी माझी आहे. साडेनऊला आलो की लावतो. गाडीच्या अ‍ॅपमध्ये वेळ लावता येते, आजपासून रात्री दीडला सुरू करतो. सहापर्यंत मला पुरेसं होतं.

*५०३ काका :* दीडला एसी बंद होतील असं नाही, पण खोल्या गार झालेल्या असतात, कॉम्प्रेसर थांबत थांबत चालतो. चालेल.

*सेक्रेटरी :* पंप दुपारी तीनला लावायला सांगितलंय. टाकी भरून ठेवली तर रात्री गरज पडत नाही.

*२०४ :* गीझर आमचा होता. सॉरी. आता बटणाजवळ कागद चिकटवलाय.

*१०१ काकू :* एसी बंदच करायचा का मग? नातवाला घामोळं येतं हो.

*५०३ काका :* नाही काकू, बंद अजिबात नको. १८ वर लावून पांघरूण घेण्यापेक्षा २५-२६ वर ठेवा आणि पंखा हळू सोडा. प्रत्येक अंशाला साधारण ६ टक्के वीज वाचते असं ब्युरो ऑफ एनर्जी एफिशिअन्सी सांगतं. जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे नवे एसी सुरू होताना २४ वरच येतात, ते याचसाठी. जाळ्याही धुऊन घ्या, धुळीनं एसी जास्त वेळ धावतो.

*१०२ :* विषय निघालाच आहे तर, ३०० युनिटच्या वर एक युनिट गेलं तर सगळं बिल वरच्या दरानं लागतं ना?

*सेक्रेटरी :* नाही, वरच्या युनिटनाच वरचा दर. पहिल्या १०० ना पहिलाच.

*४०१ :* गच्चीवर सोलर बसवलं तर? सोसायटीच्या कॉमन वापराला केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेतून किलोवॉटला १८,००० अनुदान आहे.

*५०३ काका :* बसवू या, माझा पूर्ण पाठिंबा. लिफ्ट, पंप, जिना यांचं बिल उतरेल. पण सोलर देतं दुपारी आणि आपला फेज जातो रात्री साडेदहाला. या दोन्ही गोष्टी मीटिंगला वेगवेगळ्या मांडा, नाहीतर पैसे खर्च करूनही फ्यूज जाईल आणि लोक म्हणतील सोलर फसलं.

*सेक्रेटरी :* मग पक्का उपाय काय?

*५०३ काका :* दोन घरं बी वरून आर वर घ्यायची. ते वीज कंपनीचा माणूस करेल, सील आहे, आपण हात लावायचा नाही. दुसरं, प्रत्येकानं बिलावर ‘मंजूर भार’ बघा, म्हणजे आपल्या घराला एका वेळी किती वीज ओढायला वीज कंपनीनं मान्यता दिली आहे ते. माझा काल पाहिला तर २ किलोवॉट, घरात दोन एसी. अर्ज करून वाढवून घ्या. कागदावर आपण अजून दिवे-पंख्यांचीच घरं असलो तर मोठी केबल मागायची कशाच्या जोरावर? तिसरं, परवानाधारक ठेकेदाराकडून मेन केबल आणि कॉन्टॅक्ट तपासून घ्यायचे.

*४०४ :* आर वर जायला आम्ही तयार.

*२०३ :* आम्हीपण. आईंसाठी बरंच होईल.

*सेक्रेटरी :* दोघांचे अर्ज उद्या लिहून आणतो, सह्या द्या. बिलांचे फोटो रविवारपर्यंत मला पाठवा, सगळ्यांनी.

*शनिवार, रात्री १०:४०*

*५०३ काका :* आर ३९, वाय ५०, बी ६२.

*३०४ :* ६३ च्या आत!

*५०३ काका :* एका अँपिअरनं. तुम्ही सगळ्यांनी मनावर घेतलं म्हणून एवढं उतरलं, पण उद्या कोणाकडे पाहुणे आले, एखादा एसी वाढला की पुन्हा वर. घरं हलेपर्यंत रात्री दहा ते बारा गीझर आणि इस्त्री नको. मी रोज साडेदहाला बघतोय. सोमवारी मी नाही, सेक्रेटरी, मीटर रूमची किल्ली आणि माझा क्लॅम्प मीटर ४०१ कडे द्या. त्याला आज दाखवून ठेवलंय, एका वेळी एकाच फेजच्या केबलभोवती लावायचा.

*४०१ :* हो काका, घेतो.